कुणी हात लावू नये

सविता हैतीहून परत येऊन आठवडा झाला तरी तिचा फोन आला नाही. एरवी ती विमानतळावरूनच फोन करायची. आधी ती आणि बाबा बरोबरच परतायचे आणि घरी फोन करायचे, गेल्या वर्षी तिने एकटीने मला केला होता. त्यामुळे रविवारी सकाळी ती न कळवता आमच्या सिंगापुरातल्या, सेम्बावांगच्या फ्लॅटवर आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

आई स्वयंपाकघरात होती. सविताने लिटिल इंडियातून आणलेला पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि आत बघून म्हणाली, "कुमुदकाकू, साखर कमी घातलीय म्हणे. खोटं बोलतो तो, पण खा."

मग ती माझ्यासमोर बसली आणि तिने आवाज खाली आणला.

"रोपं पडून आहेत, ऋता. सहा हजार. कुणी नेलीच नाहीत."

माझे वडील, मनोहर, मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होते. १९८३ साली त्यांच्या जहाजाचं इंजिन बिघडलं आणि एका सुट्या भागाची वाट पाहत ते एक्केचाळीस दिवस हैतीच्या गोनाईव बंदरात अडकून पडले. रोज संध्याकाळी ते बंदरामागचा डोंगर चढायचे. वर सावलीला बसावं असं एकही झाड नव्हतं, एवढंच त्यांनी तेव्हा घरी लिहिलं होतं. निवृत्त झाल्यावर, २००१ मध्ये, ते पुन्हा तिथे गेले. बरोबर सविता होती, ती इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. बँकेतून निवृत्त झालेले प्रबोधकाकाही होते. मोर्न रोझ नावाचं गाव त्यांनी धरलं. दर मे महिन्यात सुट्टी काढायची, पिशव्यांत माती भरायची, रोपं करायची, शाळेचं छप्पर नीट करायचं, पाण्याची टाकी बांधायची आणि परत यायचं. प्रबोधकाकांचा गुडघा पहिल्याच वर्षी बोलू लागला. तेव्हापासून ते सिंगापुरात बसून पत्रव्यवहार बघत.

पहिली दोन वर्षं लोकांनी रोपं नेली आणि उपटून टाकली. बाबांना कारण कळेना. तिसऱ्या वर्षी गावच्या शाळामास्तराने, विल्नेरने, त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. आधीही बाहेरचे लोक आले होते. त्यांनी झाडं लावली, मग राखणदार नेमला, मग कुंपण घातलं. ज्याचं झाड त्याची जमीन होते, असं गावात पक्कं बसलं होतं.

त्यानंतर बाबा रोपं देताना प्रत्येकाच्या दारात उभं राहून एकच गोष्ट सांगत. झाड तुझ्या जमिनीत आहे, म्हणजे ते तुझं. वाढलं की काप, कोळसा कर, खांब कर, वीक. मला विचारू नकोस. विल्नेर त्यांच्या भाषेत ते पुन्हा सांगे. तेव्हापासून रोपं टिकू लागली.

मला हे पटायचं नाही. जंगलांविषयी मी पुष्कळ वाचलं होतं आणि त्या वाचलेल्यात झाड तोडणारा माणूस नेहमीच दोषी होता. "कापायचीच आहेत तर लावता कशाला?" असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तू एकदा चल माझ्याबरोबर." मी गेले नाही. तुआसच्या लॅबमधून तीन आठवड्यांची रजा मिळत नव्हती, आणि मिळाली असती तरी मी ती दुसरीकडे कुठेतरी घालवली असती.

ते २००५ च्या नोव्हेंबरात गेले. अस्थी आम्ही चांगीच्या धक्क्यावरून बोट घेऊन समुद्रात सोडल्या. परतताना आई म्हणाली, "जन्मभर तिथेच होते. आता कायमचेच. आपल्या वाट्याला काय आलं?"

महिन्याभराने प्रबोधकाकांनी एक तोडगा काढला. माणूस गेला की आपण त्याच्या नावाने झाड लावतो, आणि इथे तर झाडं आधीच उभी आहेत. गावात सर्वांत आधी जगली ती इमाकुले नावाच्या बाईच्या उतारावरची कडुनिंबाची झाडं, चारशे. त्यालाच मनोहर स्मृतिवन म्हणू. काकांनी तुआसमधल्या एका वर्कशॉपमधून स्टीलची पाटी करून घेतली. मला त्यांनी पत्र लिहायला सांगितलं, कारण घरात लिहिणारी मी.

मी चार दिवस ते पत्र घासूनपुसून लिहिलं. मला ते अजून पाठ आहे. शेवटचं वाक्य असं होतं, की या झाडांना कुणी हात लावू नये, ही त्यांच्या पत्नीची आणि मुलीची विनंती आहे. विल्नेरचं उत्तर एका ओळीचं आलं. तुमच्या इच्छेप्रमाणे होईल. त्यात मला आदर दिसला होता.

"मागच्या ऑगस्टच्या वादळात त्या इमाकुले म्हातारीचं घर पडलं," सविता सांगत होती. "अकरा खांब लागत होते. तिने पलीकडच्या खोऱ्यातून विकत आणले. स्वतःची चारशे झाडं दारात उभी, आणि खांब गाढवावरून आले."

"मला विचारायचं ना. मी नाही म्हटलं असतं का?"

"विचारा असं लिहिलं होतंस तू?"

मी पेढ्यांचा बॉक्स उगाच तिच्याकडे सरकवला.

"तुझ्या पत्राची झेरॉक्स तिने प्लॅस्टिकमध्ये घालून दाराला ठोकलीय. कोणी बकरी घेऊन तिकडे वळलं तरी ती कागद दाखवते. घाबरते गं. तिला वाटतं झाड मोडलं तर आपल्यावर येईल. आणि बाकीचे ते बघतायत. आधी झाड, मग पाटी, मग कागद. पुढे काय येणार हे त्यांना माहीत आहे." तिने पेढ्याच्या बॉक्सचा दोरा बोटाला गुंडाळला. "निघताना विल्नेरने मला विचारलं, मिस्ये मानोचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, कुटुंब इथे राहायला कधी येणार?"

"चेष्टा असेल."

"चेष्टा नव्हती."

"रोपं किती दिवस तगतील?"

"पिशवीत? महिना. पाऊसही आता महिनाभरच."

आई चहा घेऊन आली आणि आम्ही दोघी सिंगापूरच्या उकाड्याबद्दल बोलू लागलो. फ्रिजवर त्या पाटीचा फोटो होता. मागे कडुनिंब, समोर स्टीलवर बाबांचं नाव देवनागरीत. आईने तो लावल्यापासून तिथे दुसरं काही लावू दिलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात सविताबरोबर जायचं म्हणून तिने पासपोर्टही नवा करून घेतला होता. पाठदुखी, साखर, सदुसष्ट वय, सगळं बाजूला ठेवून.

"यंदा झाडं कशी आहेत?" तिने सविताला विचारलं.

"उंच झालीत काकू," सविता म्हणाली. ते खरंच होतं.

त्या आठवड्यात मी काही केलं नाही. पहाटे निघायचं, बून लेपर्यंत एमआरटीची ट्रेन, तिथून कंपनीची बस, दिवसभर नमुने तपासायचे, तेच सगळं उलट करत घरी यायचं. मधल्या वेळेत प्रबोधकाकांना फोन केला. ते आधी ऐकत राहिले, मग म्हणाले, "एक उतार सोडा म्हणावं. कापायला बाकीचे डोंगर आहेत की."

"बाकीचे डोंगर बोडके आहेत, काका. तुम्ही पाहिलेत."

"पाहिलेत गं. पण माणसाचं काहीतरी राहावं की नाही? मनोहर मला काय परका होता?" मग जरा थांबून, "कुमुदवहिनींना सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिथे निभाव, मग मला फोन कर."

शनिवारी सकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून एक जुडी ओढली आणि सगळं सांगितलं, सविताच्या क्रमाने, माझं काही न घालता. सहा हजार रोपं, अकरा खांब, दाराला ठोकलेलं पत्र.

ती पानं खुडत राहिली.

"म्हणजे ती झाडंही घालवायची," ती म्हणाली.

"सगळी नाही कापणार ते."

"सगळी कापली तरी तू अडवणार नाहीस. मला फसवू नकोस. तेच सांगायला बसलीस ना?"

"हो."

"समुद्रावर जाऊन मी काय बघू? लाटा? तिथे निदान फोटो काढता येतो." तिने जून देठ बाजूला टाकले. "चाळीस वर्षांच्या संसारात चौदा वर्षं घरी होते. मी मोजलीत. मला एक जागा हवी होती. जास्त मागत होते का मी?"

"नाही."

"तुलाही हवी होती. पत्र तू लिहिलंस, मी नाही."

मी मान हलवली. मी देठासकट पानं टाकत होते हे तिच्या लक्षात आलं आणि तिने माझी जुडी काढून घेतली.

"ती बाई केवढी आहे?"

"सत्तरीची असेल. नवरा पुरात गेला. २००४ च्या."

"सापडला?"

"नाही."

आई थांबली. मग विचारलं, "यांनी तिला नेमकं काय सांगितलं होतं?"

बाबांचे ते शब्द मी मराठीत म्हणून दाखवले. झाड तुझं, हवं तेव्हा काप, मला विचारू नकोस.

"दारात उभं राहून?"

"प्रत्येकाच्या."

"मला कधी हे सांगितलं नाही त्यांनी," आई म्हणाली. "खांब, रोपं, टाकी, सगळं सांगायचे. हे नाही." तिने निवडलेली मेथी पाण्यात टाकली आणि हात पुसले. "त्यांनी शब्द दिला आणि आपण दोघींनी तो मोडला. त्या माणसाला कळलं असतं तर जेवले नसते. लाव फोन. त्या फोटोचं काय करायचं ते माझं मी बघेन."

सिंगापुरात सकाळचे साडेआठ वाजले होते, तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात. विल्नेरने तरुणपणी फ्लोरिडात संत्री तोडण्याचं काम केलं होतं, त्यामुळे त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा सहज होतं. मी म्हटलं की झाडं इमाकुलेबाईंची आहेत, पूर्वीही त्यांचीच होती, त्यांनी हवी तेव्हा कापावीत. माझी चूक झाली.

पलीकडे कोंबडा ओरडत होता.

"मी सांगेन त्यांना," तो म्हणाला. "पण मादाम, तुमचं आधीचं म्हणणं कागदावर आलं. हे फोनवर आलंय. लोक कागद धरून ठेवतील."

"मग मी लिहिते."

"त्याच सहीने. आणि तुमच्या आईचीही सही हवी. झाडं त्यांच्या नवऱ्याच्या नावाची आहेत, विधवेनेच सोडली तर कोणी शंका घेणार नाही. पाटीचंही लिहा. तुम्ही लिहिल्याशिवाय तिला कोणी हात लावणार नाही."

हे पत्र लिहायला वीस मिनिटं लागली. बाबांच्या नावाने त्या जमिनीवर आणि तिच्यातल्या कुठल्याही झाडावर आमचा काहीही हक्क नाही, कधीच नव्हता. झाडं कापायला कोणालाही विचारण्याची गरज नाही. पाटी काढून टाकावी. आधीचं पत्र फाडावं. एवढंच. आईने मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं.

"'काहीही' काढ," ती म्हणाली. "नुसतं हक्क नाही लिही. 'काहीही' लिहिलं की राग आल्यासारखं वाटतं."

मी ते काढलं. तिने मराठीत सही केली, सावकाश, पूर्ण नाव, मधलं बाबांचं नाव धरून. सोमवारी मी ते ऑफिसातून स्कॅन करून गोनाईवमधल्या एका सायबर कॅफेच्या पत्त्यावर पाठवलं. प्रबोधकाकांनाही एक प्रत दिली. त्यांनी वाचून खिशात ठेवली आणि पाटीविषयी पुन्हा काही म्हणाले नाहीत.

जुलैच्या शेवटी विल्नेरचा फोन आला, मी लॅबमध्ये असताना. त्याला पत्र घेऊन यायलाच पाच दिवस लागले होते, रस्ता वाहून गेला होता. रविवारी प्रार्थनेनंतर त्याने ते दोनदा वाचलं. लोकांनी आईची सही हातात घेऊन पाहिली. कोणी आठवडाभर हललं नाही. मग इमाकुलेने सात झाडं पाडली, शेळ्यांच्या गोठ्यासाठी, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक रोपं न्यायला आले. दोन हजारांच्या आसपास गेली. तोवर पाऊस थांबला होता. बाकीची वाळली.

"लोक विचारतायत पुढच्या वर्षी कडुनिंब कमी द्याल का," तो म्हणाला. "आंबा हवाय. मिस्ये मानो असते तर मी त्यांना विचारलं असतं."

मी म्हटलं, सविताशी बोलून कळवते.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाबा गेल्यापासून या बसमध्ये मी डोळे मिटले की तो उतार समोर आणायची. फोटोतला, मी कधीही न पाहिलेला. त्यावर बाबांना बसवायची, मग बून लेपर्यंत वेळ जायचा. त्या दिवशी तो आणून पाहिला. तिथे एक म्हातारी बाई कुऱ्हाड घेऊन उभी होती, आणि जागा तिचीच होती. मी डोळे उघडले. बाहेर क्रेन होत्या, कंटेनर होते. जहाजं इथून दिसत नाहीत.

घरी आईने आधी आकडाच विचारला.

"दोन हजार," मी म्हटलं.

"सहातले?"

"हो."

"माझ्या सहीला उशीर झाला का?"

"नाही आई. उशीर आधीच झाला होता."

तिने ताटं घेतली. मी हात धुऊन बसले. भाजी कशाची होती ते मला आठवत नाही. जेवताना ती म्हणाली, आंब्याची रोपं कडुनिंबापेक्षा उशिरा तयार होतात, सविताला लवकर कळव, नाहीतर पुढचाही पाऊस जाईल.