याआ नावाची केळ

सुज्ञ वाचकहो, आमच्या परसातील एका वाकड्या केळीच्या योगे माझी पत्नी कुमासी शहरी जाता जाता कशी राहिली, त्याचा वृत्तांत मी यथामती आपणांसमोर ठेवीत आहे.

माझी पत्नी सेरवा हमरस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर केळी भाजते आणि भुईमुगाच्या दाण्यांसह विकते. केळी आमच्याच मळ्यातील. परंतु करपा रोगाने पाने काळी पडू लागली, घड खुरटले, तेव्हा तिने आपला निश्चय प्रकट केला.

"अजून एक पीक बघते. नाहीतर कुमासीला बहिणीकडे जाऊन बसते. तिथल्या बाजारात माल तरी मिळतो."

"आणि मी?"

"तू इथे तुझी पुस्तकं भाज."

माझे अंतःकरण विदीर्ण झाले. मळा मला मामांनी सोपविलेला. तो टाकून तिच्यामागे जाणे मला शक्य नव्हते.

त्याच सुमारास एका गुरुवारी संशोधन केंद्रातील फ्रेम्पोमा मॅडम यांनी बाटलीत वाढविलेली टिश्यूकल्चरची रोपे नव्या लावणीसाठी आमच्या सावलीच्या मांडवात आणून ठेविली. त्यांतील एक वाकडे होते. पाने अरुंद, जाड, गडद.

"शनिवारी येऊन असली वेडीवाकडी उपटून टाकीन," मॅडम म्हणाल्या. "येत्या नाही, त्याच्या पुढच्या. बाटलीत वाढताना काही रोपं मूळ जातीपासून भरकटतात. बहुतेक बिघडतात. एखादंच सुधारतं, पण त्याची वाट बघायला जागा कुठंय?"

आमच्यात नवजात मूल आठ दिवस पाहुणे मानितात. आठव्या दिवशी त्यास अंगणात आणून, जिभेवर पाण्याचा आणि मद्याचा थेंब ठेवून नाव दिले, की ते घरचे होते. आठव्या दिवशी सेरवाने ते वाकडे रोप अंगणात आणिले.

मॅडम आल्या आणि त्यांनी रोपास हात घातला.

"हात काढा मॅडम. तिचं बारसं झालंय."

"कोणाचं?"

"याआचं. गुरुवारी आली ना, गुरुवारच्या पोरीचं नाव याआच! धरणीमातेचं नाव मिळालंय पोरीला."

"माई, अहो, हे रोप आहे!"

"पाणी दिलं, दारू दिली, शेजारणी फूफूचे गोळे खाऊन गेल्या. विचारा या म्हाताऱ्याला. त्यानं तर भाषण ठोकलं. संपता संपेना."

मी नम्रपणे मान डोलाविली. मॅडम हसू लागल्या.

"नाव ठेवलेलं पोर मी उकिरड्यावर टाकलं असं माझ्या आजीला कळलं, तर ती मला जेवायला वाढायची नाही. लावा परसात, चुलीच्या राखेपाशी. बाकीच्यांपासून लांब. पण माई, फार आशा धरू नका."

पुढील पावसाळ्यात करपा पुन्हा आला. मळ्यातील पाने जळल्यासारखी काळी झाली. सेरवाने भाजायची जाळी पुसली, परातीसह गाठोड्यात बांधिली आणि गाठोडे दाराशी ठेविले. मी त्याकडे पाहण्याचे टाळीत असे.

याआच्या पानांवर मात्र टाचणीच्या टोकाएवढेच ठिपके आले, आणि तेथेच थांबले. तिने घड टाकिला. केळी आखूड, परंतु फण्या दाट. एवढा भरदार घड आम्ही कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मॅडम येऊन पानामागून पान न्याहाळीत राहिल्या. "एका झाडावरून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या, परंतु पानावरचा हात काढीनात. "बुंध्याशी फुटलेले मुनवे लावून पिढ्या बघाव्या लागतील. पोरींनी आईचा गुण राखला तर खरं. सगळे मुनवे मी केंद्रात नेते."

सेरवाने एक केळे भाजून चाखिले. "जरा कोरडं आहे. दाण्यांबरोबर खपेल." मग ती मॅडमकडे वळली. "एक मुनवा न्या. बाकीच्या पोरी इथेच राहतील."

"अहो, त्यांच्याकडे लक्ष कोण देणार? तुम्ही तर कुमासीला निघालात ना?"

"नाव ठेवलेल्या लेकीची बाळंतपणं टाकून? मी?" ती माझ्याकडे पाहून ओरडली, "म्हाताऱ्या, उभा काय राहिलास? गाठोडं सोड, कोळसा आण!"

मी त्या वयातही धावलो.

येणेप्रमाणे हा वृत्तांत संपला. आपण आपला अमूल्य वेळ देऊन तो वाचिलात, याबद्दल मी, क्वाबेना ओदुरो, आपला अत्यंत आभारी आहे.