पाणी गरम आहे

वस्तरा गळ्यापाशी थांबवून ॲम्ब्रोज ट्रिपलेट आरशाला म्हणाले, "नागरिकहो!" मग मान हलवली. "छे. बंधूंनो."

दाराबाहेर मीली गरम पाण्याचा जग दोन्ही हातांनी धरून उभी होती. "बाबा, पाणी गरम आहे," म्हणायचं आणि दार ढकलायचं, हे तिचं रोजचं काम. पण बाबांचं वाक्य अर्ध्यावर असताना आत शिरायचं नाही, हाही रोजचाच नियम. त्यामुळे सोळा वर्षांच्या पर्मीलिया ट्रिपलेटने विधानसभेतली भाषणं विधानसभेच्या आधी ऐकली होती आणि विरोधी उमेदवार कर्नल डॅब्नींना मारायचे टोमणे कर्नल डॅब्नींच्या आधी. आई गेली तेव्हा पाद्रीबाबांना काय सांगायचं, तेसुद्धा तिने या दाराबाहेरच ऐकलं होतं. आधी मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय बाबा कुणाशी काही बोलतच नसत. आरसा त्यांना मध्ये अडवत नसे, म्हणून आरसा त्यांचा सर्वात लाडका मतदार.

"कॅप्टन व्हिटलॉक," आतला आवाज खाली उतरला, "खूण सोपी आहे. आज मतदानात जो कुणी माझं नाव पुकारेल त्याच्यासाठी मी उठेन, नाव घेऊन आभार मानेन. रीतच आहे ती. ज्याने माझं नाव पुकारलं आणि तरी मी उठलो नाही, तोच फितूर. पायऱ्या उतरला की धरा त्याला." थोडा वेळ वस्तऱ्याची खरखर झाली. "होय, खात्री आहे. चर्चच्या माळ्यावर बंदुका आहेत हे मी एकट्या जुबलला सांगितलं होतं."

मग "स्स्" असा आवाज आला. कापलं असावं.

मीलीच्या हातातला जग हिंदकळला आणि पाणी तिच्या पायावर पडलं. भाजलं, पण ती हूं की चूं करू शकली नाही.

कारण चर्चच्या माळ्यावर बंदुका आहेत हे बाबांनी एकट्या जुबलकाकांना सांगितलं होतं, आणि त्याच्या आदल्या सकाळी आरशाला.

अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली होती, लढाईला तोंड लागलं होतं आणि केंटकी मात्र "मी बाई कुणाच्यात नाही" म्हणून पदर सावरून बसलं होतं. राज्य बसलं तरी घरं कुठली बसतात! बाबा संघराज्याच्या बाजूचे. वॉशिंग्टनहून आलेल्या बंदुका क्रॅबट्री गावात लपवायचं काम त्यांनीच पत्करलेलं. मीलीचा भाऊ ॲशर मे महिन्यातच सीमा ओलांडून दक्षिणेच्या सैन्यात गेला, आणि तेव्हापासून बाबांनी घरात त्याचं नाव घेतलं नव्हतं. मागच्या आठवड्यात तो चोरून आला. झऱ्यावर बांधलेल्या दुधाच्या थंड खोलीत मीलीने त्याला डुकराच्या मांसाचा तुकडा आणि मक्याची भाकरी दिली, आणि तो निघताना त्याचा दंड धरून म्हणाली, "चर्चच्या बाजूने जाऊ नकोस हं. माळ्यावर बंदुका आहेत, पहारा असतो. गोळी घालतील तुला."

एवढंच. बहिणीने भावाला सांगावं तेवढंच. शनिवारी माळा रिकामा झाला आणि पहाऱ्यावरच्या माणसाचं डोकं फुटलं.

"बाबा, पाणी गरम आहे," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखा आला याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

बाबांच्या हनुवटीवर लाल रेघ होती. त्यांनी तिच्याकडे आरशातूनच पाहिलं. शनिवारपासून ते सगळ्यांकडे असंच पाहत, जरा तिरपं. कॉफीसुद्धा आधी डायसी प्यायली तर ते पीत. डायसी त्यांची गुलाम, घरची स्वयंपाकीण. संघराज्य तुटता कामा नये असं गावभर सांगणाऱ्या बाबांनी, तिला कोण जिंकायला हवं आहे, हे कधी विचारलं नव्हतं. संशय घ्यायला मात्र ती आता घरातल्या माणसांत धरली गेली होती.

*

कचेरीच्या पायऱ्यांवर टेबल मांडलं होतं. मध्ये शेरीफ आणि कारकून, एका बाजूला कर्नल डॅब्नी, दुसऱ्या बाजूला बाबा. केंटकीत मत कानात सांगत नाहीत. शेरीफ माणसाचं नाव पुकारतो, माणूस चारचौघांत छाती काढून उमेदवाराचं नाव पुकारतो, आणि तो उमेदवार उठून वाकून आभार मानतो. आजवर या प्रकारात मजा असायची. आज प्रत्येक तोंड उघडलं की पन्नास डोळे बारीक होत होते. संघराज्याच्या बाजूच्या शिपायांचा म्होरक्या कॅप्टन व्हिटलॉक खांबाला टेकून काडीने दात कोरत होता. त्याच्या माणसांनी जुलैत एकाला नदीपलीकडच्या छावणीत नेलं होतं. तो परत आला तो गाडीत, आडवा.

मैदानाच्या कडेला डायसी आणि मीली बर्गूच्या कढईपाशी होत्या. खारीपासून कोंबडीपर्यंत मिळेल ते मांस आणि मका घालून रटरटवलेला तो रस्सा मतदारांना उमेदवाराकडून असतो.

"ढवळा, छोट्या बाई, ढवळा," डायसी म्हणाली. "लागला बुडाला तर म्हणतील, ट्रिपलेटने विष घातलं."

"डायसी, तू कधी दारामागून काही ऐकतेस?"

डायसीने पळी कढईच्या काठावर आपटली. "मला ऐकायला दार लागत नाही. मी समोर असले तरी तुमची माणसं बोलतात. खुर्चीसमोर बोलावं तशी." मग मीलीच्या भाजलेल्या पायाकडे पाहून ती म्हणाली, "आज जग फार भरला होता का?"

तेवढ्यात जुबल किंचेलो समोरून आले. गावचे खोगीरवाले, ढगळ अंगाचे, हसले की सगळं पोट हसायचं. बाबांच्या पहिल्या निवडणुकीत यांनीच बाबांना खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं होतं.

"काय गं चिमणे! वाढ वाटीभर. तुझ्या बापासाठी ओरडायचं म्हणजे घशाला वंगण नको?"

मीलीने वाटी भरली आणि ती देताना सोडलीच नाही. "जुबलकाका, आज मत देऊ नका. घरी जा."

"का?"

"नाहीतर... नाहीतर कर्नल डॅब्नींना द्या. एकदाच."

काकांचं हसू पोटापासून वर सुकत आलं. त्यांनी वाटीवरचा तिचा हात पाहिला, मग टेबलाकडे पाहिलं. तिथून बाबा बघत होते.

"ॲम्ब्रोजने पाठवलं तुला?"

"नाही हो! मीच..."

"पोरीला पाठवून मला चाचपून बघतो." ते हळू बोलत होते, पण जबडा हलत होता. "शनिवारपासून माझ्याशी धड बोलत नाही तो. मला वाटलं, काळजीत असेल. आणि हे आहे होय? जुबल किंचेलो फुटतो का, ते बघायचंय?"

"काका, शपथ..."

"सांग त्याला, आज असा ओरडेन की टेनेसीत ऐकू जाईल."

वाटी न घेताच ते पायऱ्यांकडे चालू लागले. मीलीच्या बोटांवरून रस्सा ओघळला. तिने सावध केलं होतं, आणि त्यामुळेच ते आता पाय आपटत तिकडे निघाले होते. एका आठवड्यात दुसऱ्यांदा तिने कुणाला तरी वाचवायला तोंड उघडलं होतं.

"जुबल किंचेलो!" शेरीफने पुकारलं. "मत कुणाला?"

"ॲम्ब्रोज ट्रिपलेट!" कचेरीच्या छपरावरची कबुतरं उडाली.

कारकुनाने लिहून घेतलं. काका टोपी छातीशी धरून उभे राहिले. बाबा खुर्चीतच होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि डोळे जुबलच्या बुटांवर.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुणीतरी खोकलं. कर्नल डॅब्नींनी मान वळवली. खांबापाशी कॅप्टन व्हिटलॉकने दातातली काडी काढून फेकली आणि पट्ट्यावर हात ठेवला.

"ॲम्ब्रोज?" काका म्हणाले. एवढा मोठा माणूस, आणि आवाज किती लहान.

मीलीने पळी टाकली. बायकांनी टेबलाच्या वीस पावलांत यायचं नाही अशी रीत होती. ती रीत ओलांडून ती पायऱ्यांच्या तळाशी आली तेव्हा लोक बाजूला झाले, निव्वळ नवलाने.

"श्री. जुबल किंचेलो," ती मोठ्याने म्हणाली, शब्द न् शब्द बाबांचाच, "आपला विश्वास हाच माझा मान. मी आपली ऋणी आहे."

हशा उसळला.

"अरे, ट्रिपलेटने पोरीला उभं केलंय!"

"माझं मत हिलाच! बापापेक्षा सुटसुटीत बोलते!"

बाबा हसले नाहीत. ते आता तिच्याकडे पाहत होते. आरशातून नव्हे, सरळ. त्या नजरेत राग होता आणि प्रश्न होता. मीलीला सगळ्या गावासमोर उत्तर देता येत नव्हतं. ॲशरचं नाव घेतलं असतं तर व्हिटलॉकची माणसं संध्याकाळी झऱ्यावर असती.

मीलीने ओठ ओले केले.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी गरम आहे."

"कॉफीचं म्हणतेय," कुणीतरी म्हणालं. "उन्हाने भ्रमिष्ट झाली पोर."

बाबांचा हात सावकाश वर आला आणि हनुवटीवरच्या लाल रेघेवर टेकला. तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक सकाळ मागे मागे सरकत गेलेली मीलीला दिसली, म्हणजे तसं वाटलं तरी: आजची, कालची, चर्चवाली. मग त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं की तिला मान खाली घालावी लागली. दाराबाहेर रोज कोण उभं असतं आणि ती कुणाजवळ बोलली असेल, हे त्यांना कळलं असणार. हिला सांगायला जगात होतं तरी कोण? भाऊ एकच.

खुर्ची करकरली.

ॲम्ब्रोज ट्रिपलेट उठले. टेबलाचा आधार घेत उठले, म्हाताऱ्यासारखे.

"माफ कर, जुबल. गुडघा धरला होता." ते वाकले, रीतीपेक्षा जास्त. "श्री. जुबल किंचेलो, आपला विश्वास..." पुढचं वाक्य मात्र आलंच नाही. रोज सराव केलेलं वाक्य!

"मान ना तुझा? असू दे, असू दे," काका टोपी डोक्यावर चढवत म्हणाले. "गुडघ्याला घोड्याचं मलम लाव." पण मैदानाच्या टोकाला जाईपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, आणि बर्गूच्या कढईकडे ते काही परत आले नाहीत.

कॅप्टन व्हिटलॉकने पट्ट्यावरचा हात काढला. त्याची नजर बाबांवरून मीलीवर आली आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

*

ॲम्ब्रोज ट्रिपलेट निवडून आले. घरी जेवताना त्यांनी फक्त मीठ मागितलं. मीलीने पुढे केलेल्या वाडग्याकडे पाहून मात्र एक क्षण थांबले, आणि मग डायसीची वाट न पाहता पहिला घास स्वतःच घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीली जग घेऊन दाराशी गेली तेव्हा वाटलं होतं, आत शांतता असेल. शहाणा माणूस आता मुक्याने दाढी करेल.

तिने तोंड उघडायच्या आत आवाज आला. नेहमीचाच, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"गुरुवारी व्हिटलॉकची माणसं होडीच्या धक्क्यावर दबा धरून असतील." खरखर. "दक्षिणेकडून चोरून घरी येणारी पोरं तिथूनच येतात, असं त्याला कळलंय." पुन्हा खरखर. "नदी पायी ओलांडायचा वरचा उतार, सिकॅमोरच्या झाडापाशी, तिथे कुणी नसेल. तिथे मी कुणाला ठेवलेलं नाही."

मीली जागची हलली नाही. काल याच दाराआड तिने एका मित्रासाठी लावलेला सापळा ऐकला होता, याच आवाजात, इतकाच स्वच्छ. धक्का आणि उतार. एकीकडे दबा होता, एकीकडे वाट मोकळी. बोलणारा बाप असेल तर ॲशरला उताराने यायला सांगायचं. बोलणारे विधानसभेचे सन्माननीय सदस्य असतील तर? तिने त्या आवाजात बाप शोधला. तो आवाज इतका कमावलेला होता की त्यात कुणीही लपू शकलं असतं.

तिची बोटं जगाभोवती गार पडत गेली.

"मीली?" आतून हाक आली. "पाणी?"

"गरम आहे, बाबा." तिने दार ढकललं. "कुणाशी बोलत होता?"

"आरशाशी," ते म्हणाले. "त्याला कुठे मत असतं?"

त्यांनी जगात बोटं बुडवली. पाणी केव्हाच निवलं होतं. ती बाहेर किती वेळ उभी होती, हे त्या बोटांना कळलं असणारच. त्यांनी ती काढली नाहीत.

"अगदी हवं तसं आहे," ते म्हणाले, आणि थंड पाण्यानेच तोंड धुऊ लागले.