भिंगरीची जोडीदार

भिंगरीला शाळेतर्फे परदेशी जायचं होतं, म्हणजे नुसतं जायचं नव्हतं, जीव टांगणीला लागला होता तिचा! मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही जगाचे नागरिक होणार." घरी आल्या आल्या तिने आईला सांगितलं, तर आई म्हणते कशी, "आधी स्वतःचा पलंग आवर, मग जगाचं बघ."

तर शाळेची पद्धत अशी, की इकडची एक आणि तिकडची एक, अशी जोडी. आधी तिकडची येऊन महिनाभर इकडच्या घरात राहणार, मग सुट्टीत इकडचीने तिकडे जायचं. जोडी मोडली की जाणं रद्द!

भिंगरीची जोडीदार आली. उंच, केस कापलेली, गप्प. आई घरीच शिवणकाम करायची. पाहुणी म्हटल्यावर तिने काय करावं? बाहेरच्या खोलीतले कपड्यांचे ढीग हलवले, चांगली खुर्ची पुसली आणि पोरीला तिच्यावर बसवलं. पोरीने ताट उचललं की आई ओढून घ्यायची. झाडू धरला की, "अगं राहू दे, तू बस!" भाषा कळत नव्हती, पण 'बस' तेवढं तिला पक्कं कळलं. शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत बसून बसून ती अगदी कोमेजली. जेवणात नुसती चिवडाचिवड. भिंतीकडे तोंड करून फोनमधले घरचे फोटो बघायची.

आठवडा झाला आणि वर्गात बाईंनी भिंगरीला बाजूला घेतलं. "तिला घरी परत जायचंय गं. उद्या सकाळी ठरवू."

भिंगरी धावतच घरी आली. आईला सांगितलं, तर आईचं आपलं एकच, "काय कमी पडलं गं माझ्याकडून?" दोघी रडवेल्या.

आणि तेवढ्यात पाहुणीने काय केलं असेल? अंघोळ करून आली आणि ओला टॉवेल टाकला थेट गिऱ्हाइकाच्या इस्त्री केलेल्या झग्यावर!

"अगं ए भवाने!" आई अशी कडाडली, की मशीनवरची कात्री खाली पडली. "डोळे आहेत की बटणं? धर ही इस्त्री, आता तूच कर!"

संपलं सगळं, भिंगरीला वाटलं. पण पोरगी घाबरलीच नाही. आईकडे बघत राहिली, डोळे भरले आणि एकदम हसायलाच लागली. मोडक्या इंग्रजीत भिंगरीला म्हणाली, "माझी आई. अशीच."

मग काय, इस्त्री करायला बसली. बाही वाकडी झाली, तर आईने हातावर चापट मारली. रात्री पोरीने दोनदा भात मागून घेतला. सकाळी बाईंना म्हणाली, "राहते."

भिंगरीने उड्या मारायला हव्या होत्या ना? पण ती शाळेतून पोरीच्या मागाहून आली तर दारातच थबकली. आई आणि पोरगी दुसऱ्या एका झग्याला काज करत होत्या. आई बोलत होती, पोरगी न कळताच मान हलवत होती. भिंगरीला एकदम तिकडचं ते न पाहिलेलं घर दिसलं. त्या घरात आपल्याला पण चांगल्या खुर्चीवर बसवतील.

"आई, तिकडे मला कोण गं ओरडणार?"

"मी आहे की! फोनवरून ओरडीन, कान बधिर होतील तुझे," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या जाईना.

भिंगरी ओवून द्यायला पुढे झाली नाही. दप्तर पाठीवर तसंच ठेवून आईची ती वाकलेली मान बघत राहिली. तिला अजूनही जायचंच होतं.