कुवेतचं बिऱ्हाड

"सरक, मी थापतो," म्हणत दौलतने परात आपल्याकडे ओढली. शालू कडेवरून उतरायला तयार नव्हती, म्हणून मालनने ओढू दिली. हा नवरा कुवेतला जाण्याआधी पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मागायचा. तीन वर्षांनी रजेवर आला आणि आता तांदळाची भाकरी थापून, तव्यावर टाकून, वरून पाण्याचा हात फिरवत होता. भाकरी टम्म फुगली.

उंबऱ्याशी वाल सोलत बसलेल्या गोदाबाईंचे हात थांबले. "अगं बाई! कोणी शिकवलं रे हे तुला? मी तर नाही बाबा."

"येतं आपोआप."

"तुझ्या बापाला नाही आलं ते जन्मात!"

मायलेक हसले. मालन हसली नाही. चार दिवसांत तिच्या मनात बरंच साठलं होतं. याच्या सदऱ्याची झिजलेली कॉलर कोणीतरी उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती. टाके बारीक होते, बाईमाणसाने घालावेत तसे. राहणं-खाणं सगळं कंत्राटदाराचं, असं यानेच कळवलं होतं. तरी मनिऑर्डर यायची ती जेमतेम रकमेची. टेंभी नाक्यावरची सुमती तर भाजी घेता घेता म्हणाली होती, "तिकडं दुसरं बिऱ्हाड नाही ना गं मांडलं?" वर हसलीही होती.

दुपारी गोदाबाई शेजारी गेल्या, तसा मालनने सदरा त्याच्यासमोर टाकला.

"हे टाके कोणाचे?"

"माझे."

"आणि भाकरी?"

"दगडूने शिकवली. रत्नागिरीचा आहे. एका खोलीत सहा जण राहतो आम्ही."

"कंत्राटदाराच्या?"

दौलत सदऱ्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "भाडं आमचंच असतं. खाणंही. पोचलो त्याच दिवशी कळलं. अगं, प्यायचं पाणीसुद्धा विकत. गाढवावर लादून आणतात. कांद्याचा भाव ऐकलास तर हसशील."

"मग खोटं का कळवलंत?"

"खरं कळवलं असतं तर आईने जेवण सोडलं असतं. आणि परत येऊन काय करू? गिरणीतून काढलेलंच होतं ना?"

सगळं पटण्यासारखं होतं. फार पटण्यासारखं होतं, म्हणूनच मालनला ते टोचलं. "असं असेल, तर शालूच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

त्याने लगेच हात पुढे केला. शालूने किंकाळी फोडली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. दौलतचा हात हवेतच राहिला, मग मागे गेला.

"नको," तो म्हणाला. "घाबरते ती मला."

घाबरते म्हणून, की शपथ नको म्हणून? मालन विचारणार होती. पण तो भिंतीकडे तोंड करून आडवा झालेला होता.

पोरीला थोपटत ती तशीच उभी राहिली. तिने दोघांना पुरेल अशी ऐसपैस गादी घातली होती. दौलत गादीच्या पार कडेला, भिंतीला चिकटून, गुडघ्यांत हात घालून कुशीवर झोपला होता. बाकी सगळी गादी मोकळी, जणू आणखी पाच जण यायचे होते. आता पसरेल, मग पसरेल, म्हणून ती बघत राहिली.

शालूचे डोळे मिटले, तशी मालनने तिला हळूच त्या मोकळ्या जागेत ठेवलं. पोरीचा पाय त्याच्या पाठीला लागला. झोपेतच तो आणखी भिंतीकडे सरकला.