पुलाजवळची नवी सून

मी एक जुना फ्लेक्स आहे. मित्रांनो, तुमच्या चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊन लटकतात ना, त्यांच्याच जातीचा. फक्त माझ्यावर कुणा दादा-भाऊंचं तोंड नव्हतं. माझ्यावर एक अख्खा देश होता. लेसोथो त्याचं नाव. डोंगरातला लहानसा देश, चारी बाजूंनी एकाच मोठ्या शेजाऱ्यानं वेढलेला. हल्ली मी एका टपरीवर छप्पर म्हणून पडून असतो आणि खालून येणारा तेलाचा धूर खातो. तक्रार नाही. मला तसं फारसं काही वाटतच नाही, आणि वाटलं तरी दाखवणार कसं? माझ्यावरचा चेहरा हसराच छापलाय.

माझा जन्म सीमेपलीकडच्या एका छापखान्यात झाला. अंगावरची शाई वाळायच्या आत मला गुंडाळून राजधानीला, मासेरूला आणलं आणि नदीवरच्या पुलाजवळ लोखंडी सांगाड्यावर ताणून बांधलं. देशात शिरणाऱ्याला सगळ्यात आधी मीच दिसायचो. मागे बर्फाळ डोंगर, बाजूला एक घोडा आणि मधोमध खांद्यावर शाल घेतलेली हसरी मुलगी. वर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘या, डोंगरांनी चूल पेटवून ठेवली आहे.’ मंत्रीसाहेबांनी दोरी ओढून माझ्यावरचं कापड पाडलं. टाळ्या वाजल्या. परदेशातल्या विमानतळांवर माझी भावंडं झळकली. पाहुण्यांच्या बसगाड्या माझ्यापाशी मुद्दाम थांबायच्या. काय सांगू, तेव्हा माझा रुबाब होता.

त्या मुलीचं नाव दिनेओ. ती काही नटी नव्हती. पुलावर गाड्यांची रांग लागते, त्या रांगेत ती माक्वेन्या विकायची. माक्वेन्या म्हणजे पिठाचे तळलेले गोळे. आई तळायची, लेक विकायची. आमच्याकडे आईला पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून आई झाली मादिनेओ. मी उभा राहिलो तोही त्यांच्या चुलीच्या डोक्यावरच, त्यामुळे आधीचं-नंतरचं सगळं मी वरून पाहिलेलं, नाहीतर त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

दिनेओला निवडलं ते पर्यटन कचेरीतल्या फाकिसीसाहेबांनी. न्ताते फाकिसी म्हणायचं, वडीलधाऱ्याला आमच्याकडे न्ताते म्हणतात. त्यांनी कचेरीच्या कपाटातली शाल आणवली, स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर घातली, पिन लावली आणि डोक्याला फडकंही बांधलं. आता ती शाल साधी नव्हती. आमच्याकडे सासरची माणसं नव्या सुनेच्या खांद्यावर तशी शाल घालतात. तुमच्याकडे मंगळसूत्र, तशी ती.

दिनेओ म्हणालीसुद्धा, “न्ताते, ही तर सुनेची शाल. माझं लग्न व्हायचंय अजून.”

ते हसले. “अगं, बाहेरच्यांना काय कळतंय? त्यांना रंग दिसले की झालं.”

न्ताते फाकिसी याच मातीतले. त्यांच्या घरात सुना होत्या. पण देश बाहेरच्यांना दाखवायचा म्हटल्यावर आपली माणसंही तो बघतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. खरं सांगायचं तर पाहुणे माझ्यासमोर दोन फोटो काढून निघून जायचे. दिवसभर मला बघत बसायचे ते आमचेच लोक, पलीकडच्या खाणीत राबून महिनाअखेरीला घरी परतणारे, रांगेत खोळंबलेले.

त्यांच्यातच एकदा लेफाचे काका होते. लेफा म्हणजे दिनेओचा ठरत आलेला नवरा. तोही खाणीत. त्याच्या घरचे एकदा मादिनेओकडे येऊन गेले होते, मुलीकडे गुरं कधी पाठवायची याचं बोलणं निम्मं झालं होतं. आमच्याकडे मुलाकडच्यांनी गुरं दिल्याशिवाय लग्न होत नाही. काकांची गाडी माझ्यासमोर बराच वेळ अडकली होती. ते माझ्याकडे बघत राहिले. खाली चुलीपाशी दिनेओ होती, तिच्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. ठरलेल्या दिवशी लेफाकडचं कुणी आलं नाही. आला तो निरोप, की मुलीच्या खांद्यावर आधीच कुणाची तरी शाल आहे.

मादिनेओ उठून त्यांच्या गावी गेली. फोटोपुरतं घातलं होतं हो, म्हणून समजावलं. काकांनी तिला बसवलं, जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं. फोटो आहे हे त्यांनाही कळत होतं, ते काही खुळे नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की शाल आपोआप खांद्यावर येत नाही. ज्यानं घातली त्यानं चार वडीलधाऱ्यांसमोर ती उतरवावी आणि ही आमची सून नाही म्हणून सांगावं. मग आमची गुरं निघालीच म्हणून समजा. मादिनेओला हायसं वाटलं. अर्ध्या सकाळचं तर काम होतं.

न्ताते फाकिसी माझ्याखाली पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा तिनं कमरेच्या फडक्याला हात पुसत त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं.

ते मायेनंच म्हणाले, “अहो, हा चेहरा आता तुमच्या लेकीचा राहिला नाही. देशाचा झालाय.”

“देशाचा होऊ दे की. परदेशात लावलेत ते राहू देत, तिथं तिला कुणी सून म्हणणार नाही. हा पुलाजवळचा तेवढा काढा. तो निघत नसेल तर एकदा ती शाल घेऊन काकांच्या गावी या आणि वडीलधाऱ्यांसमोर तिच्या खांद्यावरून उतरवून जा.”

येतो म्हणाले. शनिवार ठरला. मनापासून म्हणाले असावेत, माणूस वाईट नव्हता. पण त्या शनिवारी ते परदेशातल्या कुठल्याशा पर्यटन मेळ्याला गेले, माझ्यावरचाच फोटो घेऊन. इकडे लेफाच्या गावात वडीलधारे अंगावर पांघरुणं घेऊन गोठ्यापाशी बसले होते, ज्वारीची बिअर तयार होती. ऊन चढलं, उतरलं. कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात कचेरीतून मादिनेओला एक पिशवी आली. तिच्यात एक टोपी आणि एक छत्री, दोन्हींवर डोंगरांनी पेटवलेली तीच चूल. छत्री तिनं तेलात पाऊस पडू नये म्हणून वापरायला घेतली.

ती पुन्हा दोनदा कचेरीत जाऊन बसली. साहेब बैठकीत होते. गावाकडून मग शेवटचा निरोप आला, की ज्यांनी घातली त्यांनाच उतरवायची नसेल, तर मुलगी त्यांचीच.

ईस्टरच्या सुट्टीला लेफा आला. गाडीतून उतरून रांग सोडून चुलीपाशी उभा राहिला. एकदा वर माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“शोभते तुला,” तो म्हणाला.

“कचेरीची आहे. कपाटात परत गेली.”

“मला ठाऊक आहे गं. पण काकांना ओलांडून मी गुरं कुठून आणू?”

दिनेओनं कागदात माक्वेन्या बांधून त्याच्या हातात दिल्या. “गरम आहेत. जपून खा,” म्हणाली. त्यानं त्या घेतल्या आणि तो गेला. हिवाळ्यात त्याचं लग्न झालं, दुसऱ्या गावच्या मुलीशी.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल दिनेओ रडली असेल. मी तरी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती रांगेत होती, तिसऱ्या दिवशीही होती. पीठ मळायची, गोळे सोडायची, विकायची, उरलेले पैसे परत द्यायची. वर मी हसत होतो. दुसरी स्थळं आली नाहीत असं नाही, पण येणारा प्रत्येक जण याच पुलावरून यायचा.

एकदा एका परदेशी बाईंनी तिला ओळखलं. गाडीतून धावत उतरल्या, तिला मिठी मारली, माझ्याखाली तिच्यासोबत फोटो काढला. त्यांच्या हातात कचेरीचं माहितीपत्रक होतं. त्यात याच फोटोखाली छापलं होतं, ‘नवविवाहितेची पारंपरिक शाल’. म्हणजे बाहेरच्यांना काय कळतंय म्हणणाऱ्यांनीच त्यांना ते कळवून ठेवलं होतं. बाईंनी कौतुकानं विचारलं, तुझा नवरा काय करतो?

“खाणीत असतो,” दिनेओ म्हणाली, आणि माक्वेन्यांच्या पिशवीचं तोंड बांधून ती त्यांच्या हातात दिली.

तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. वाऱ्यानं माझा एक कोपरा फाटला होता, तिथून सगळंच अंग टरकन फाटावं असं वाटलं. पण मला बांधणाऱ्यांनी पक्कं बांधलं होतं.

मग मंत्री बदलले. नव्या साहेबांना नवी ओळख हवी होती, नुसते डोंगर, माणूस एकही नको. मला खाली उतरवायला माणसं आली, त्यांच्यामागून न्ताते फाकिसी. केस पिकले होते. चुलीपाशी येऊन ते आपणहून म्हणाले, “काढला बघा एकदाचा. तुमच्या मनासारखं झालं.” त्यांना आठवत होतं, मित्रांनो. इतके दिवस त्यांना आठवत होतं. मादिनेओनं उपकार झाले म्हटलं. सवयीनं म्हटलं असेल. मला काय करायचं असं माणसांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, इथंच देऊन टाका, छप्पर होईल.

तसा मी मायलेकींच्या टपरीवर आलो. मजकुराचा भाग कापून दुसऱ्या कुणी डुकरांच्या खोपटावर नेला. चित्राची बाजू आतून आली, कारण पांढरी बाजू ऊन परतवते. त्यामुळे दिनेओ आता स्वतःच्याच चेहऱ्याखाली तळत बसते. पहिल्याच दिवशी मादिनेओनं कुठूनशी काळ्या रंगाची डबी मिळवली. स्टुलावर चढली, ब्रश बुडवला, शालीपाशी हात नेला. रंगाचा थेंब तिच्या मनगटावरून ओघळला.

दिनेओनं खालून तेलातला झारा न थांबवता म्हटलं, “राहू दे, आई. सुनेची शाल अंगावर तेवढी एकदाच आली.”

मादिनेओ खाली उतरली आणि डबीचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं.

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन आपला देश जगाला दाखवाल. फोटो काढाल, गोड गोड ओळी लिहाल. जरूर दाखवा. मला नीट बांधा, वाऱ्यापासून जपा असं मी म्हणत नाही, माझं काय, मी प्लास्टिकच. एवढंच सांगतो, कुणाच्या खांद्यावर आपल्या हातानं काही घातलंत, तर सांगितलेल्या दिवशी ते उतरवायला जा.