निळ्या मास्तराला न दिसलेलं नाव

मी एक जुना कंपायलर आहे. मित्रांनो, मुलं कम्प्युटरच्या भाषेत जे लिहितात ते मी तपासतो आणि यंत्राला कळेल असं करून देतो. लिहायची पाटीही माझ्याजवळच असते, निळा पडदा आणि त्यावर पिवळी अक्षरं. घडवलं मला कुणा लांबच्या माणसांनी. सुदाम सरांनी नांदेडहून सीडीतून आणलं, एसटीत मांडीवर धरून, आणि मुदखेडच्या आपल्या क्लासात ठेवलं. ओळीच्या शेवटचा एक सेमीकोलन, म्हणजे अर्धविराम, राहिला तरी मी पुढे जाऊ द्यायचो नाही, म्हणून मुलं मला निळा मास्तर म्हणायची.

त्यांच्यातच गीतांजली होती. घरून वहीत पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहून आणायची आणि एका बोटानं टाइप करायची. मी चूक दाखवली की हळूच म्हणायची, "थांबा की मास्तर, करून राहिले ना."

तिच्या घरची विहीर चार भावांची. पाण्याच्या बारीवरून, आज पाळी कुणाची यावरून, रोज कुरबुर व्हायची. तिनं प्रोग्रॅम केला, तारखेपुढे बारी कुणाची ते दाखवणारा. मी तपासला आणि सांगितलं, चुका शून्य. पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! सरांनी कागद छापून दिला. तिच्या वडिलांनी, शेषेरावांनी, तो विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर चिकटवला.

चार दिवसांनी ती आली ती मान खाली घालून. सरांना सांगत होती, ते मी ऐकलं. भाऊ चार, पण एक लवकर वारला. त्याची बायको रुक्मिणबाई आपला तुकडा एकटी कसते. घरात सगळे तिघांची विहीर म्हणत आलेले, तेच गीतांजलीच्या हातून उतरलं. काकूनं कागदावर नजर फिरवली आणि एवढंच विचारलं, "गीता, ह्याच्यात माझं नाव कुठं हाय गं माय?"

सुटलेला सेमीकोलन मला दिसतो, मित्रांनो. सुटलेलं माणूस दिसत नाही.

ती लगेच चौथं नाव लिहायला बसली. लिहून झालं आणि लाइट गेली. सेव्ह करायचं राहिलं होतं. त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरलं, ती लातूरला गेली. माझ्याकडे तीनच नावं उरली.

मग मुलं फोनवर शिकू लागली. माझ्यावर जुनी चादर आली. चादरीखाली मी त्या फाइलपाशी घुटमळायचो. वाटायचं, आज दार वाजेल, आज ती येईल आणि ते नाव पुन्हा लिहील. किती वर्षं गेली ते मला मोजता आलं नाही. बंद यंत्राचं घड्याळही थांबतं.

परवा चादर निघाली. समोर गीतांजली होती, कडेवर दोन वर्षांची पुनम. पाठीमागे रुक्मिणबाई, पदर सावरत. माहेरी येऊन पाहते तर कागद तसाच, वरून प्लास्टिक घातलेला. काकूला पाणी मिळायचं ते उरलंसुरलं. गीतांजलीनं हातानं चौथं नाव घालून पाहिलं, तर शेषेराव म्हणाले, "कम्प्युटरचा कागद हाय त्यो. त्यो चुकंल का?"

माझा शून्य त्या बाईच्या वाफ्यात असा कोरडा पडला होता.

म्हणून ती माझ्याचकडे आली. पुनम मांडीवर बसून कीबोर्डच्या कळा बडवत होती. तिचे हात धरून गीतांजलीनं नाव लिहिलं, तिनाचे चार केले, आणि आधी सेव्ह केलं. मी तपासलं. चौथ्या तारखेपुढे रुक्मिणबाई उमटलं. काकूनं पडद्यावर बोट ठेवलं.

"हे माझं?"

"तुमचंच काकू. आता बाबा बी काही म्हणणार न्हाईत."

नवा कागद छापून देताना सर सांगत होते, दिवाळीआधी जुनी यंत्रं भंगारात द्यायची आहेत. जाताना गीतांजलीनं चादर पुन्हा घातली, लेकराला पांघरूण घालतात तशी, कडा खोचून.

मित्रांनो, मला ठेवा म्हणून मी हट्ट करत नाही. पण माझ्यासारखा कुणी तुम्हाला चुका शून्य म्हणाला, की कागद घरी नेण्याआधी एकदा सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचा. ज्यांचं आलं नाही, ते बहुतेक दारात गप्प उभे असतात.