सामना पाहणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. तुम्ही मला आरामखुर्ची म्हणाल, पण मित्रांनो, आराम माझ्या वाट्याला फारसा आला नाही. माझा उजवा हात मोडून पुन्हा जोडलेला आहे. बैठकीतली एक स्प्रिंग कायमची वाकली आहे आणि रेक्झिनच्या भेगांवर काळी चिकटपट्टी लावलेली आहे. हे सारे मारामाऱ्यांमुळे झाले. मी स्वतः कधी कुणाच्या वाटेला गेले नाही हो! मी फक्त मारामारी बघणाऱ्याच्या खाली होते.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने माझा सांगाडा केला आणि शेजारच्या गादीवाल्याने स्प्रिंगा बसवून वर तपकिरी रेक्झिन ताणले. "हिच्यात बसलेला माणूस उठायचं नाव घेणार नाही," असे सुतार कौतुकाने म्हणाला. ते ऐकून मी केवढी फुशारले होते! दुकानात मला अगदी दर्शनी जागी, काचेजवळ ठेवले. येणारे-जाणारे हात लावून बघत, माझ्या रंगाला नावे ठेवत आणि पुढे जात.

मग एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. रंगबिंग काही न बघता ते धपकन बसले आणि माझ्या उजव्या हातावर त्यांनी एक सणसणीत बुक्की हाणली. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "हं, टिकेल," एवढेच बोलून त्यांनी मला घरी नेले. मला वाटले, आपण एखाद्या भांडकुदळ माणसाच्या तावडीत सापडलो. घरी गेल्यावर कळले की माणूस गरीब गाय आहे, फक्त खेळांचा चाहता आहे.

आमचे लिफ्टवाले, मी त्यांना असेच म्हणते, दिवसभर उंच इमारतींच्या पोटात, तारेच्या दोरांमध्ये आणि चाकांमध्ये काम करत. तिथे बोलण्याच्या नादात लक्ष उडाले की बोट गेलेच. म्हणून कामावर ते तोंडातून चकार शब्द काढत नसत. साठलेले सगळे बोलणे संध्याकाळी माझ्यावर बसून टीव्हीला ऐकवत. प्राण्यांचा माहितीपट लागला आणि हरणामागे बिबट्या धावू लागला की ते हरणावर खेकसत, "अरे गाढवा, डावीकडे वळ!" त्यांची मुलगी मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायला बसली की वळणावर गाडी तिची वळे आणि कलत असे मात्र यांचे अंग, माझ्यासकट. पण खरा गोंधळ व्हायचा तो मुष्टियुद्धाच्या वेळी. कोण जिंकतो याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. जो खाली पडेल, तो त्यांचा. पंचाने आकडे मोजायला सुरुवात केली की त्यांची मूठ माझ्या हातावर आदळू लागे. "ऊठ! ऊठ की रे! ऊठ!"

"अहो, खुर्ची मोडेल!" त्यांची बायको, म्हणजे भिंगरीची आई, स्वयंपाकघरातून ओरडायची. त्या दिवसांत त्या माउलीने एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. माझ्या कुरकुरण्यावरून आणि धक्क्यांवरून तिला आत बसल्या बसल्या कळायचे की कुणी पडले, कुणी उठले.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून हे नाव पडले आणि ते मोठेपणीही चिकटून राहिले. फिरून दमली की ती माझ्या कुशीत येऊन झोपायची, एका कुशीवर, एक पाय पोटाशी घेऊन. माझ्या आयुष्यातला खरा आराम तेवढाच.

वडिलांचा हा तमाशा जगाला दाखवायची कल्पना भिंगरीचीच. तिने समोरच्या फळीवर मोबाईल उभा केला आणि लिफ्टवाल्यांच्या आरडाओरड्याचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. नाव ठेवले, 'बाबांची खुर्ची'. माझे नाव सगळीकडे झाले! अनोळखी माणसे लिहू लागली, 'काकांना बघून पोट दुखेपर्यंत हसलो', 'खुर्चीला पदक द्या'. या कामाचा लिफ्टवाल्यांनी एकच नियम ठेवला होता. जे बघायचे ते पहिल्यांदाच बघायचे आणि व्हिडिओतले काहीही कापायचे नाही. "पहिल्यांदा बघताना माणूस जे बोलतो, तेच खरं," असे ते म्हणायचे.

बघता बघता भिंगरी स्वतःच हातमोजे घालून तालमीला जाऊ लागली. लिफ्टवाल्यांना कोण आनंद झाला! ती सरावाला मला समोर ठेवून हवेत ठोसे मारायची आणि हे माझ्यावर बसून डोके चुकवायचे.

पण मित्रांनो, एका संध्याकाळी एक वेगळाच माहितीपट लागला. तो म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्यांवर होता. एके काळी भल्याभल्यांना लोळवणारा एक माणूस शर्टाचे बटण लावू पाहत होता आणि त्याची बोटे थरथरत होती. शेवटी त्याच्या बायकोने ते लावून दिले. दुसरा एकजण आपल्याच मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होता, "तू कोण?" मी बुक्कीची वाट पाहत राहिले. ती आली नाही. लिफ्टवाले शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

"बाबा, हा व्हिडिओ फारसा कुणी बघितलाच नाही," भिंगरी नंतर हसत म्हणाली. "लोक विचारतायत, काका झोपले का?"

"बरं झालं नाही बघितला तो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "डोक्याला ते टोपडं घालतेस ना गं?"

"घालते हो बाबा. आणि त्याला टोपडं नाही म्हणत!"

मला तेव्हाच धाकधूक वाटली होती. पण खुर्चीचे कोण ऐकतो?

मग भिंगरीचा पहिला मोठा सामना ठरला, दूरच्या गावी. तो टीव्हीवर दिसणार होता. निघताना तिने फळीवरचा मोबाईल नीट लावून दिला. "माझा सामनासुद्धा तसाच बघायचा, बाबा. काही कापायचं नाही. शब्द?"

"शब्द," ते म्हणाले आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले. आयुष्यात पहिल्यांदाच! सामना सुरू झाला तसे ते माझ्या अगदी कडेवर येऊन बसले. पहिली फेरी भिंगरीने गाजवली. त्यांनी मला इतके बदडले की माझे सांधे बोलू लागले, आणि मला ते आवडत होते. दुसऱ्या फेरीत मात्र बाजूने आलेला एक ठोसा तिला दिसलाच नाही. ती पडली. एका कुशीवर, एक पाय पोटाशी घेऊन. ती तशी कुठे झोपायची हे त्या सबंध गर्दीत कुणाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते आणि त्यांना.

पंच मोजू लागला. गर्दी ओरडू लागली, "ऊठ! ऊठ!" मी बुक्कीसाठी अंग आवळून घेतले. पण त्यांची बोटे माझ्या हातात रुतली आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता असा आवाज ऐकला.

"उठू नको," ते पुटपुटले. "उठू नको गं बाळा. पडून राहा."

स्वयंपाकघराच्या दारात भिंगरीची आई आली होती. "अहो, काय झालं? आवाज का नाही खुर्चीचा?"

आठ आकडे मोजून होताहोता भिंगरी उठली. लढली. गुणांवर जिंकलीसुद्धा. लिफ्टवाल्यांनी टाळी वाजवली नाही. त्यांचा सगळा भार माझ्या पाठीवर पडला होता आणि समोर मोबाईल सगळे टिपत होता.

"पुसून टाका की तेवढं," भिंगरीची आई म्हणाली. "पोरीला कशाला दाखवायचं?"

"शब्द दिलाय," असे म्हणून त्यांनी तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला. हीच त्यांची चूक, मित्रांनो. नियमाला जागायच्या नादात पोरीला आधी फोन करावा, हे त्यांना सुचलेच नाही.

ती परत आली तेव्हा तिचा एक डोळा काळानिळा पडला होता. पदक पिशवीतच होते. व्हिडिओ तिने वाटेतच पाहिला होता. पाहणाऱ्यांनी त्याखाली काय काय लिहिले होते ते मी सांगत नाही.

"त्या हरणाचीसुद्धा बाजू घेतलीत," ती म्हणाली. "नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांना घसा फुटेपर्यंत ऊठ म्हणालात. मला एकटीलाच पडून राहा म्हणालात, बाबा?"

त्यांनी माझ्या भेगेवरची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवली.

"मी उठले नसते तर हरले असते. चाललं असतं तुम्हाला?"

"हो," ते म्हणाले.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "म्हणजे माझ्यावर भरवसाच नाही तुमचा."

"भरवसा आहे गं. पण तो ऊठ म्हणायचा आवाज..." त्यांनी माझ्या फुटक्या हातावरून बोटे फिरवली. "तो दुसऱ्यांच्या पोरांसाठी होता. तुझ्यासाठी निघालाच नाही."

भिंगरी आत निघून गेली. फळीवरचा मोबाईल त्या दिवशी उतरला तो उतरलाच. थोड्याच काळात ती तालमीच्या वसतिगृहात राहायला गेली. फोन येतो, पण आईला.

तिच्या पुढच्या सामन्यात समोरची मुलगी पडली. जुन्या सवयीने लिफ्टवाले अर्धे उठले, तोंड उघडले आणि तसेच राहिले. ती उठली तर पुन्हा भिंगरीला मारणार. नाही उठली तर? "अगं," त्यांनी बायकोला विचारले, "हिच्या घरी कोण बसलं असेल?" त्यांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओढत बाहेर नेले आणि गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवले.

तेव्हापासून मी इथेच आहे. उन्हाने माझे रेक्झिन तडकले, पावसाने पाय फुगले. फडके कुणी फिरवत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे म्हातारे लाकूड असेल, तर त्याला निदान आडोशाला ठेवा, एवढी विनंती आहे. आणि दुसरी विनंती त्याहून मोठी. सामने खुशाल बघा, खुशाल ओरडा, माझ्या भावंडांना बडवलेत तरी आम्ही सोसू. पण पडलेल्या माणसाला ऊठ म्हणताना एवढे ध्यानात ठेवा, की कुठल्यातरी घरी, कुठल्यातरी खुर्चीत एकजण श्वास रोखून बसलेला असतो आणि त्याला तुमच्याबरोबर ओरडता येत नसते.

आज भिंगरीचा सामना आहे. आता टीव्हीसमोर तिची आई उभी असते, ओल्या हातांनी, आणि लिफ्टवाले इथे माझ्यावर बसतात, घराकडे पाठ करून. ते काही विचारत नाहीत. मधूनमधून तीच आतून सांगते, "उभी आहे हो." मग यांची बोटे जरा सैल होतात.

आत्ताच आत गर्दी एकदम ओरडली. पंच मोजतो आहे, ते इथवर ऐकू येते. त्यांची बोटे माझ्या हातात रुतली आहेत, ओठ हलत आहेत, आणि आतून भिंगरीच्या आईचा आवाज अजून आलेला नाही.